मिठाची रांग

मीठ संपणार, अशी अफवा उठली आणि चोपड्यात ओसवालशेठच्या दुकानापुढे ही रांग लागली. लोणची विकणाऱ्या वेणूबाई अगदी शेवटी उभ्या होत्या. घरी चिरलेल्या कैऱ्या मिठावाचून खोळंबल्या होत्या.

"अहो, गोदाम भरलंय माझं!" शेठ ओरडून दमले. कुणाचा विश्वास बसेना. उलट पाच पुडे मागणारे दहा मागू लागले.

शेवटी शेठनी खडूनं पाटीवर लिहिलं, 'एका पुड्यावर दोन पुडे फुकट.'

रांगेत कुजबुज सुरू झाली.

"फुकट? म्हणजे ओलं असणार."

"जुना माल खपवतोय मेला!"

बघता बघता रांग पांगली. वेणूबाई तेवढ्या उरल्या. तीन पुडे पिशवीत टाकताना त्यांनीही विचारलंच, "शेठ, खरंच ओलं आहे का हो?"

"कोरडं ठणठणीत आहे," शेठ पुटपुटले, "पण हळू बोला, कुणी ऐकेल!"