नारळ न घातलेला लाल

"ठसका नाय लागला," गोदू म्हणाली.

धनेश शिडीवरून खाली उतरला. आठ बाय चारचा पत्र्याचा बोर्ड. 'गोदूची खानावळ, आगरी जेवण'. बाजूला बारा मिरच्या. एकेक मिरची त्याने देठासकट काढली होती. देठावर चमक दिली होती. तीन दिवस गेले होते त्यात.

"मावशी, बोर्ड आहे हा. बोर्ड बघून ठसका कसा लागेल?"

"मसाल्याला लागतो, मग याला का नाय?"

गोदूच्या घरची ही रीतच होती. डंक्यावरून मसाला कांडून आला की चिमूटभर गरम तेलात टाकायचा. घरातली माणसं खोकली तर मसाला बरणीत. नाही खोकली तर अजून मिरची, परत डंका. तेलात चिमूट पडली की गोदू कढईकडे बघायचीच नाही, माणसांच्या तोंडाकडे बघायची. आत्ताही ती बोर्ड सोडून मुलगा आणि सून यांच्याकडेच बघत होती. अर्धं गाव तिच्या हातचा मसाला नेतं. आता रविवारी पनवेल-उरण रोडवर तिची खानावळ उघडणार होती.

"आये, सोड ना," बळीराम, तिचा मुलगा, म्हणाला. "फ्लेक्सवाला एका तासात देतो छापून. वर पापलेटचा फोटो पन टाकतो."

धनेश ब्रश पुसत राहिला. फ्लेक्स आल्यापासून हाताने बोर्ड रंगवून घेणारं पनवेलमध्ये कोणी उरलं नव्हतं. सोमवारी त्याला न्हावा शेव्याला, एका कंटेनर यार्डात नोकरीवर हजर व्हायचं होतं. दिवसभर उन्हात उभं राहून कंटेनरचे नंबर उतरवून घ्यायचे. हा शेवटचा बोर्ड. हा पास झाला तर सोमवारी जायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

गोदू बोर्डाच्या अगदी जवळ गेली. बोटाने एक मिरची दाखवली.

"काढलीस बरोबर. पन वरून नारलाचं दूध वतलंस."

धनेश गार पडला. तो प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळायचा. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, लाल डोळ्यात खुपतो. तेव्हापासून. पांढऱ्याने रंग मऊ होतो, कोणी तक्रार करत नाही. सात वर्षांत हे कोणी पकडलं नव्हतं.

"उद्या मिरच्या भाजायच्या हायत," गोदू म्हणाली. "सकाली ये. मग बघू, फ्लेक्स का तू."

सकाळी परसात चूल पेटली होती. कढईत मिरच्या पडल्या आणि धूर उठला. भाजायला आलेल्या बायकांनी तोंडाला ओला पदर बांधला होता. तरी एकेक खोकत पळाली. बळीराम शिंकत शिंकत रोडपर्यंत गेला. त्याची बायको अंकिता मोरीत डोळ्यांवर पाणी मारत बसली. धनेशचा घसा पेटला. नाक वाहायला लागलं. तो पळायला वळला, आणि त्याने मागे बघितलं.

गोदू तिथेच होती.

तोंडाला काही न बांधता. धुराच्या मधोमध. उलथनं फिरवत. खोकली नाही. पापणीही लवली नाही. मिरची करपायच्या आधी एक क्षण लाल जितका खोल होतो, तितकाच खोल लाल कढईतून उठून तिच्या तोंडावर पडला होता.

धनेश पळायचं विसरला. इतकं धीट माणूस त्याने कधी बघितलं नव्हतं. आणि आपण सात वर्षं काय करत होतो, तर एका रंगाला घाबरत होतो.

बोर्डापाशी येऊन त्याने पांढऱ्याचा डबा झाकण लावून बळीरामच्या हातात दिला. "हा लांब ठेवा."

बाराच्या बारा मिरच्या त्याने रंगाखाली गाडल्या. अक्षरंही गेली.

"अरे, नाव तरी ठेव," बळीराम ओरडला. "लोकांना काय, धूर वाढायचा?"

धनेशने ऐकलं नाही. तोंड तीनदा धुतलं तरी नाक चुरचुरत होतं, डोळे चुरचुरत होते. तसाच रंगवत राहिला. पुढचे दोन दिवस.

शनिवारी चार वाजता त्याने शिडी बाजूला घेतली. बोर्डभर लाल. धुराचा लाल, कढईतला लाल, करपायच्या आधीचा लाल. त्या धुरात, तोंडाला काही न बांधता उभी एक बाई. खाली कोपऱ्यात खानावळीचं नाव. मिरची एकही नाही. रोडवरून कंटेनरचा ट्रेलर चालला होता. ड्रायव्हरने वेग कमी केला, मान वळवून बघितलं.

बळीरामने फ्लेक्सवाल्याला फोन लावला होता. तो कानाला तसाच राहिला.

गोदू बोर्डासमोर उभी राहिली. या वेळी तिने कोणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. ती बोर्डच बघत राहिली. मग तिचा चेहरा आक्रसला. एक ठसका आला. मग दुसरा. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि खोकतच राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

धनेश घाबरला. "रंग ओला आहे मावशी, टर्पेंटाइनचा वास आहे. बाजूला या."

अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली होती. ती मध्येच थांबली.

"टर्पेंटाइन नाही रे," ती हळूच म्हणाली. "आईंना नऊ वर्षं झाली, कशाचा वास येत नाही, तिखट लागत नाही, धूरही घशाला झोंबत नाही. म्हणून तर त्या आमचा ठसका बघतात."