अजून एक टेस्ट

सर्व्हर सुरू झाला तसं पत्रा ठोकलेलं टेबल थरथरायला लागलं. हेमालीने दचकून झोळीकडे पाहिलं. तिची तान्ही लेक पूर्वी त्यात झोपलेलीच होती.

"ती न्हाय उठायची," हेमालीची आई कौसल्या दारातून म्हणाली. "तुला पण ह्याच कडीला टांगायची मी. लूम धाडधाड चालू, न तू गाढ. लाईट गेली, लूम थांबले, का पहिली तू रडत उठायची."

शेलार गावातल्या घरामागची ही लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खोली आता रिकामी होती. फरशीवर तेलाचे काळे डाग तेवढे उरले होते. लूमची जाड वायर मात्र जागेवर होती, म्हणून सर्व्हर इथे ठेवला. वळ गावातल्या गोदामात बसवण्याआधी तो तयार करून द्यायचं काम हेमालीचं होतं, आणि अंगावर पिणारी पोर घेऊन गोदामात बसणं शक्य नव्हतं.

कोपऱ्यातल्या खाटेवर तिचे वडील, तुळशीराम, छताकडे बघत पडले होते. लूम भंगारात गेले तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. रात्री नाही, दुपारीही नाही. गोळीने डोळे जड व्हायचे, मिटायचे नाहीत.

"काय करतं गं तुझं यंत्र?" दादांनी पडल्या पडल्या विचारलं.

"गोदामांत कुठला माल आला, कुठला गेला, ती माहिती गोळा करतं, दादा. साफ करून पुढे धाडतं. एकेक काम आपापल्या डब्यात बंद. एक बिघडलं तरी बाकीची चालू राहतात."

"म्हंजे एका लूमचा धागा तुटला तरी बाजूचा चालूच."

"तसंच."

"मंग ह्यात नवीन काय हाय?"

हेमाली हसली आणि पुन्हा कीबोर्डकडे वळली. डबे तयार झाले होते. सगळी कामं एकदम चालवून मशीन ताण सोसतं का, एवढंच बघायचं राहिलं होतं. तिने ती लावली. पंख्यांचा आवाज चढत गेला, खोलीभर झाला. टेबलाचा पत्रा एका लयीत वाजू लागला.

थोड्या वेळाने तिने सहज मागे पाहिलं. दादांचं तोंड अर्धवट उघडं होतं. ते घोरत होते.

कौसल्या त्यांचा चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. बघत राहिली. मग चहा तसाच परत घेऊन गेली.

टेम्पो आला तेव्हा स्क्रीनवर एकेक ओळ हिरवी होत होती. गोदामाचा सुपरवायझर हितेश घाम पुसत आत आला.

"चला ताई, उचलायचं ना? कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये जीव गेला आमचा. वर साहेबाचा फोनवर फोन."

"अजून एक टेस्ट राहिलीय."

"कसली टेस्ट? सगळं हिरवं दिसतंय की."

शेवटची ओळही हिरवी झाली. पंखे मंदावले. पत्रा गप्प झाला.

दादांचे डोळे मिटलेलेच होते, पण हात खाटेबाहेर गेला. लाईट गेली की आधी लूमचं हँडल पाडायचं, तसा हवेत चाचपडू लागला.

"लाईट गेली काय, बाय?"

हितेशच्या खिशात फोन वाजला. त्याने न बघताच कट केला.

हेमालीने तीच कामं पुन्हा लावली. पंखे हळूहळू चढले. पत्रा वाजायला लागला.

"आली, दादा."

हात परत छातीवर आला.