बहात्तर ठोके

गुरुवारी भजनाहून परतताना मंदाताईंनी जिन्यातच मनगटावरचा पट्टा पाहिला. त्यावर घरी असलेल्या नवऱ्याच्या हृदयाचे ठोके दिसत. अठ्ठ्याऐंशी! सलग तिसरा गुरुवार.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्र्यंबकरावांच्या हृदयाच्या पेशींना नवी दारं बसवली होती. कुठला क्षार किती आत सोडायचा, ते ही दारं ठरवत आणि ठोके बहात्तरवर धरून ठेवत. माणूस हसो की रडो, बहात्तर. मग आपण घरात नसताना हे अठ्ठ्याऐंशी कुणासाठी?

त्यांनी आवाज न करता कुलूप उघडलं. पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात त्र्यंबकराव खायच्या सोड्याचा डबा घेऊन उभे होते. मिशीला पांढरी पूड.

"अहो, हे काय! डॉक्टरांनी बजावलंय ना? सोड्याने रक्तातलं बायकार्बोनेट वाढलं की ती दारं बिघडतात. जीव जाईल!"

"तू भजनाहून यायच्या वेळी चमचाभरच घेतो," ते पुटपुटले. "त्याने दारं जरा सैल पडतात आणि ठोके नव्वदपर्यंत जातात, वर नाही. तू माहेराहून आलीस तेव्हा पट्टा बघून चार दिवस अबोला धरलास. 'मी दारात उभी आणि यांचे आपले बहात्तर!' असं म्हणून."

मंदाताईंनी डबा बेसिनमध्ये उपडा केला आणि समोर ठाकल्या. "खरं सांगा, अजून कुठे लपवलाय?"

पट्ट्यावरचा आकडा हलला. पंचाण्णव, शंभर, एकशे चार.

"हे सोड्याने नव्हे," त्या डोळे बारीक करून म्हणाल्या. "मग कशाने?"

"तुझ्या भीतीने."

मंदाताईंनी पट्ट्यावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग पदर सावरून म्हणाल्या, "चालेल."