राखून ठेवलेली जागा

श्रीनिवासरावांचा देह जाऊन सहा वर्षे झाली होती. मन मात्र स्मृतिकेंद्राच्या सर्व्हरवर होते आणि दर रविवारी पत्नीशी गप्पा मारत होते. आता ते नव्या सर्व्हरवर हलवायचे होते. सही करण्यापूर्वी विभावरीबाईंनी जागेच्या वापराचा अहवाल वाचायला घेतला. ‘विभावरी’ या नावापुढे अकरा टेराबाइट होते. ‘कुमुद’ या नावापुढे चाळीस.

कुमुद ही श्रीनिवासरावांची लग्नापूर्वीची मैत्रीण. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“एकतीस वर्षं संसार मी केला, आणि चाळीस तिला?”

“काकू, थांबा हो,” तंत्रज्ञ तांबोळी ओशाळून म्हणाला. “ही काकांनी नुसती राखून ठेवलेली जागा आहे. खरोखर भरलेली किती, ते मोजायचं आमच्याकडून राहिलं.”

त्याने पुन्हा मोजले. विभावरी, अकरा. कुमुद, शून्य.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. आठवणींशी त्या खुशाल भांडल्या असत्या. एकतीस वर्षांत कोणालाही पाऊल टाकू न देता जपलेल्या या रिकामपणाशी भांडायचे तरी कसे?

“रिकामी जागा आम्ही सोबत नेत नाही. वगळू ना?”

“मुळीच नाही. न्या. फक्त नाव बदला, माझं घाला.”

“घालतो. पण ती भरायची की नाही, ते काकाच ठरवणार.”

“भरतील,” विभावरीबाई ठासून म्हणाल्या, आणि सही करण्यापूर्वी बदललेले नाव त्यांनी पुन्हा एकदा तपासून घेतले.