जबड्याखालचं दव

मंद्रूपच्या माळावरून फोटो काढून परतताच सनाने मेंढरं राखणाऱ्या हिंदुरावांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला. कोवळ्या उन्हात कोल्ह्याच्या जातीचं एक खोकड थेट कॅमेऱ्यापर्यंत आलं होतं, लेन्स चाटून गेलं होतं. “खोकड माणूस बघून पळतंय, ताई,” हिंदुराव स्क्रीनवर वाकले. “ह्ये भ्यालं कसं न्हाय?” “मी दगडासारखी पडून होते ना, काका.” हसत तिने फोटोतल्या सावल्या उजळल्या. खोकडाच्या जबड्याखाली चमकत होतं ते तिला दव वाटलं होतं. फोटो मोठा केला तर तो फेस निघाला. “पिसाळलंय की ह्ये!” हिंदुराव मागे सरकले. “चावलं न्हाय न्हवं?” “नाही,” म्हणता म्हणता तिची नजर उजव्या तर्जनीवर खिळली. पहाटे बाभळीचा काटा घुसून ती रक्ताळली होती. लेन्सवरची लाळ तिने त्याच बोटाने पुसली होती. “काका, साबण द्या,” ती उठत म्हणाली, “आणि गाडी काढा.”