पुतळाबाईंचा उजवा डोळा

"बोटं किती, आजी?"

पुतळाबाईंनी मान वाकडी करून पाहिलं. जैनबचा हात त्यांच्या तोंडापासून दोन फुटांवर होता.

"हात हाय काय तिथं?" त्यांनी विचारलं.

जैनबने केसपेपरवर लिहिलं : उजवा डोळा, फक्त हात हलल्याचं कळतं. डावाही तसाच.

कोपरखैरण्यात डॉक्टर अय्युब यांच्या दवाखान्यात ती टेक्निशियन म्हणून लागली त्याला चार महिने झाले होते. थेंब घालायचे, तक्ता वाचून घ्यायचा, डोळ्याचं प्रेशर बघायचं आणि पेशंटला आत सोडायचं. सल्ले द्यायचे नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"मोतीबिंदू पिकलाय," ती बाईंबरोबर आलेल्या तरुणाला म्हणाली. "इतके दिवस का थांबलात?"

"आईला भीती वाटतीया," तो म्हणाला. "थेंबावर भागंल का बघा."

"थेंबांनी मोतीबिंदू जात नाही. तुमचं नाव?"

त्याने पुतळाबाईंकडे पाहिलं. "प्रीतम. मुलगा."

पत्ता बोनकोड्याचा होता. तिथली आगरी माणसं असं घाटावरचं बोलत नसत. पण तो सहा वर्षं मस्कतला होता, गेल्या साली परत आला, असं पुतळाबाईच कौतुकाने सांगत होत्या. गावातलं घर पाडून तिथे बिल्डिंग उठत होती, म्हणून दोघं सध्या सेक्टरातल्या भाड्याच्या खोलीत राहत होते. मस्कतला दहा ठिकाणच्या माणसांत राहून बोली बदलत असेल, असं जैनबला वाटलं.

दोन महिन्यांत तो आईला घेऊन तीनदा आला. तिन्ही वेळा थेंबच घेऊन गेला. तिसऱ्या खेपेला जैनबला पुतळाबाईंच्या अंगठ्यावर निळी शाई दिसली.

"हे काय लागलंय, आजी?"

"आंगठा लावला ना काल. सरकारनं जमीन घेतलेली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिलाला, तो प्रीतमच्या नावावर केला."

"कागद कोणी वाचून दाखवला?"

"त्यानंच. दुसरं कोन हाय मना?"

जैनबच्या नानीने उरणला असाच अंगठा लावला होता. शेवटची वर्षं तिने जमीन लिहून घेणाऱ्या त्या भाच्याच्याच ओटीवर, तो देईल ते खाऊन काढली. जैनब तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावलं. "आजी, शुक्रवारी उजवा डोळा करून टाकू."

"नको. मी हाय तशी बरी हाय."

"आई नको म्हनतीया, तर ऱ्हाऊ द्या," प्रीतम घाईने म्हणाला.

जैनबने बोलायला नको होतं. पण ती बोलली. "आजी, सहा वर्षांनी आलेल्या मुलाचं तोंड बघावंसं वाटत नाही तुम्हाला?"

प्रीतम फरशीकडे बघत राहिला. पुतळाबाईंचा हात चाचपडत त्याच्या बाहीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "कुठल्या आयला नाय वाटनार? करा, डाक्टर."

बाहेर आल्यावर जैनबने त्याला गाठलं. "अंगठा लावून घ्यायला आंधळी आई बरी पडते, नाही?"

"तसं न्हाई, ताई."

"मग कसं?"

त्याने वळून आईच्या चपला शोधून आणल्या आणि खाली बसून तिच्या पायात घातल्या.

शुक्रवारी ऑपरेशन नीट झालं. प्रीतम दिवसभर खाटेजवळ होता. त्याने पुतळाबाईंना चमच्याने पेज भरवली, तोंड पुसलं. त्यांनी त्याचा हात एकदाही सोडला नाही. नाटक छान करतो, असं जैनबच्या मनात आलं.

शनिवारी सकाळी तो बाकावर नव्हता. "मघाशीच गेला," वॉचमन म्हणाला. "चहाचा थर्मास ठेवला आणि निघाला."

डॉक्टरांनी पट्टी काढली. जैनबने समोर तक्ता धरला. पुतळाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून तीन फाट्यांच्या, E सारख्या खुणांचं तोंड कुठे आहे ते त्या हाताने दाखवत गेल्या. वर, खाली, डावीकडे. चार ओळी बिनचूक.

"जैनब, हे तुझ्यामुळे झालं," डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते असं काही बोलले होते. ते पुढच्या पेशंटकडे गेले.

पुतळाबाईंनी आधी स्वतःचे हात पाहिले. मग जैनबचा चेहरा. मग दारातून दिसणारा रिकामा बाक.

जैनब त्यांच्याजवळ बसली. "आजी, तो पळाला. मला आधीपासून संशय होता. प्लॉटच्या कागदांचं आपण काहीतरी करू. डॉक्टरांच्या ओळखीचे वकील आहेत."

"कशाला? त्याला हवा म्हनून नाय दिला. मीच मागं लागलेली."

"मग तो गेला का?"

"डोला उगडायच्या आदी जानार, ठावं व्हतं मना."

पुतळाबाईंनी डोळ्याला पदर लावायला हात उचलला. जैनबने तो वरच्या वर धरला. डोळ्याला काही लावायचं नव्हतं. पाणी गालावरून तसंच वाहू दिलं.

"प्रीतम मस्कतलाच मेला, पोरी," पुतळाबाई म्हणाल्या. "ह्यो त्याच्यासंगती कामाला व्हता, तिकडनं फोनवर आदीच कललेलं मना. त्याची बॅग घेऊन मना सांगाया आला नि दारात नुसता उबा ऱ्हायला, तोंडातनं शब्द फुटं ना. मी हात धरला. माज्या ल्येकाचा हात नव्हता तो. मंग मीच म्हनलं, आलास काय रं, प्रीतम?"