जवळची व्यक्ती

कॅन्सरची गाठ सुरुवातीलाच सापडली, मग उगाच कशाला कुणाच्या जिवाला घोर, म्हणून तानाबाईंनी पुण्यातल्या लेकालाही कळवलं नाही. ऑपरेशनला जाताना शेजारीपाजारी सांगितलं, जेऊरला भाचीच्या लग्नाला चाललेय. येताना हलवायाकडून बुंदीचे लाडू घेतले आणि लग्नातले म्हणून गल्लीत वाटलेसुद्धा!

विम्याच्या ऑफिसातली रुपाली तेवढी कागदपत्रांसाठी फोन करायची. ठेवताना दर वेळी विचारायची, "मावशी, दुखतंय का हो अजून?"

"न्हाय गं, लई बरं हाय आता."

क्लेमच्या फॉर्मवर शेवटचा रकाना उरला : 'आजाराची माहिती असलेली जवळची व्यक्ती.' तानाबाई बराच वेळ पेन धरून बसल्या. मग त्यांनी सावकाश लिहिलं,



'रुपाली. तुमच्याच ऑफिसात असते.'